चतुराबाईचा पासवर्ड

बचत गटाची अध्यक्ष झाल्यापासून चतुराबाईनं घरातल्या एकमेव स्मार्टफोनला कुलूप घातलं होतं. "पंधरा बायांची आधारकार्डं हायेत त्यात. उघडा ठेवून कसं चालंल?" ते ठीक होतं, पण नुसतं हवामान बघायचं म्हटलं तरी कडूबाला बायकोला गोठ्यातून हाक मारावी लागायची. मग त्यानं गुपचूप अंदाज लावायला घेतला. दोन्ही लेकींची नावं झाली, नातवाचं झालं, कुलदैवत झालं, शेवटी म्हशीचंसुद्धा टाकून बघितलं. फोन काही उघडेना.

आज काच फुटली म्हणून दोघं केदारखेड्याहून भोकरदनला आले. दुकानदार म्हणाला, "मावशी, फोन ठेवून जा. पासवर्ड तेवढा सांगा."

कडूबानं कान टवकारले.

"तोंडानं सांगता यायचं न्हाई, भाऊ," नवऱ्याकडं चोरून बघत चतुराबाई म्हणाली. "लिहून देते."

कडूबाच्या मनात आलं, बत्तीस वर्षं संसार केला, आन् नवऱ्यापुढं बोलता येईना असं काय लपवून राह्यली ही?

चार घड्या घालून तिनं चिठ्ठी दुकानदाराच्या हातात दिली. त्यानं ती उलगडली आणि भर दुकानात मोठ्यानं वाचली, "कडूबा. बराबर हाय ना, मावशी?"

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला.

कडूबा काउंटरवर पुढं वाकला. "जरा परत वाचा बरं, भाऊ. मला नीट ऐकू आलं न्हाई."