काळ्या भिंती

दालनात पाऊल टाकलं, ढोलाचा आवाज कानावर आला आणि माझं डोकंच फिरलं.

आधुनिक आफ्रिकन चित्रकलेचा अभ्यास करण्यात माझा जन्म गेला. या संग्रहालयात प्रदर्शनं मी मांडायची, तेव्हा भिंती पांढऱ्या, उजेड सरळ आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव. मुखवटे नाहीत, भाले नाहीत, ढोल तर नाहीच नाही. ही माणसं आपल्यासारखीच कलाशाळेत शिकली, राबली, हे लोकांना कळावं म्हणून मी कुणाकुणाशी भांडले! मी निवृत्त झाले आणि माझ्याच विद्यार्थिनीने भिंती काळ्या करून मधोमध गवताची झोपडी उभी केली.

"मॅडम, रांग गेटपर्यंत गेलीय," ती म्हणाली. "तुमच्या वेळी इथे चिटपाखरू नसायचं."

झोपडीपुढे लोक मोबाइल उंचावून उभे होते. ढोल बडवत होते सुदानमधल्या खार्टूमचे चित्रकार इद्रिस. भिंतीवरची सगळी चित्रं त्यांची. मी पुस्तक लिहिलं तेही त्यांच्यावरच. उद्घाटनाचे पाहुणे म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

टाळ्या ओसरल्यावर मी जवळ गेले. "तुम्हाला ढोल वाजवता येतो?"

"छे! आज पहिल्यांदाच हात लावला," घाम पुसत ते हळूच म्हणाले. "पण इथे कुणाला कळतंय?"

गर्दीतून 'वन्स मोअर' आला. आपल्याच चित्रांकडे पाठ करून त्यांनी ढोल पुन्हा पुढ्यात ओढला.