खुडलास का रे मोहोर?

आईने तीस वर्षं रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधली. तिचा एकच नियम होता: पहिली तीन वर्षं मोहोर आला की खुडून टाकायचा. "तान्ह्या पोराच्या पाठीवर कुणी पोतं देतं का?" ती म्हणायची.

बाल्कनीतल्या पिंपात लावलेलं तिचं शेवटचं कलम दुसऱ्याच वर्षी मोहरलं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिची दोन महिन्यांची मुदत सांगितली. फळ पिकायला चार महिने लागतात. फळ टिकलं तर आई टिकेल, असं वायरमन लेकाच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

"खुडलास का रे मोहोर?" आई अंथरुणातून विचारायची.

"केव्हाच," तो म्हणायचा आणि पिंपापुढे आडोशाला चादर वाळत घालायचा.

"डॉक्टरांचं ऐकत नाही, आईंचं ऐकत नाही. आता कैरी सांगेल तेच ऐका," बायको पुटपुटायची. पण वाळलेली चादर पुन्हा भिजवून तीच त्याच्या हातात द्यायची.

बाकीच्या गळून एकच कैरी उरली. वाटाण्याएवढी होती, ती लिंबाएवढी झाली. दोन महिने सरत आले होते.

एका दुपारी तो कामावरून आला, तर चादर खाली पडलेली. आठ दिवस कूसही न बदललेली आई भिंतीला टेकून पिंपापाशी बसली होती. तिच्या मुठीत कैरी होती.

"आई, हे काय केलंस गं!"



"मी निघालेय रे बाळा," कलमाच्या खोडावर हात ठेवत ती म्हणाली. "त्याला अजून जगायचंय."