किणकिण

लढाईच्या साली वेल्ह्याच्या डोंगरावर पलटणीचा सराव चालला होता. वायरलेसवर बोलून बोलून गेणू शिपायाचा घसा बसला, तरी कापूरहोळच्या तळावरून सुभेदार ओरडतच होते, "अरे, तिथं किणकिण कसली? एक शब्द धड कळत नाही!"

किणकिण होती शेजारी चरणाऱ्या म्होरक्या शेळीच्या घंटीची. शेळ्यांची मालकीण, म्हातारी ठकुबाई, पलीकडं खडकावर बसली होती. तिला कशाला विचारायचं, म्हणून गेणूनं गुपचूप घंटीत गवत कोंबलं.

"आता कसा खणखणीत येतोय आवाज! शाबास!" सुभेदार खूश झाले. गेणूला मात्र उगाच चोरट्यासारखं वाटत राहिलं.

दिवस मावळताना त्यानं सामान आवरलं. शेळ्या केव्हाच उतरून वाडीकडं गेल्या होत्या. ठकुबाई अजून खडकावरच होती.

"आजी, घरला जायचं न्हाई व्हय?"

"जायाचं की. पर शेळ्या अजून बसल्यात न्हवं."



गेणूनं रिकाम्या उताराकडं पाहिलं.

"घंटी वाजाय लागली की तिच्या मागनं निघायचं, लेकरा. मला कुठं दिसतंय?"