धावतं वर्णन

"पट काढला! मानसिंग खाली, मानसिंग खाली!"

ग्रामपंचायतीच्या रेडिओतून आवाज फुटला आणि वळसंगच्या चावडीपुढं बसलेली शंभरेक माणसं एकदम गुडघ्यांवर उठली.

सगळ्यांत पुढं मानसिंगची आई होती, बजाबाई. रामहरी गुरुजींनी तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं. सोलापूरच्या कुस्त्यांचं धावतं वर्णन रेडिओवर लागायचं हे पहिलंच वर्ष. एरवी बाप्ये बैलगाड्या जुंपून मैदानाला जायचे, बजाबाई घरीच राहायची. दुसऱ्या दिवशी लेक एसटीतून उतरून पायवाटेनं येताना दिसायचा. जिंकला की हरला ते मागनं कळायचं. आधी तो चालत येतोय हे दिसायचं.

आज तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता.

"मानसिंग निसटला... नाही! बार्शीच्या मल्लानं उचलला त्याला. आपटला! खांद्यावर आपटला! मानसिंग उठत नाही. पंच धावले आहेत. लोक आखाड्यात घुसताहेत... श्रोतेहो, आमची वेळ संपत आली आहे. आता ऐका बाजारभाव."

रेडिओ ज्वारीचा भाव सांगू लागला. चावडीवर गलका उसळला.

"खांदा टेकला, पाठ न्हाय टेकली!"

"टेकली की! लोकं उगंच घुसली व्हय?"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. गुरुजी रेडिओची खुंटी पिळत राहिले.

"गुरुजी, उठला का त्यो?" बजाबाईनं विचारलं.

"उद्या पेपरात येईल सगळं, बजाबाई."

ती उठली. सोलापूरची संध्याकाळची गाडी फाट्यावर उभीच होती. गाडीतही तीच कुस्ती चालली होती. पट कसा लागला, डाव कुठं चुकला, जो तो सांगत होता. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मैदान रिकामं झालं होतं. राखणदार दोर गुंडाळत होता.

"एकाला टांग्यातनं सिव्हिलला नेलं," तो म्हणाला.

"बोलत हुता का?"

"गर्दीत काय दिसतंय, मावशी."

दवाखान्यापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. लांबलचक वॉर्डात खाटांवरचा एकेक चेहरा बघत पुढं सरकली. शेवटून दुसऱ्या खाटेवर मानसिंग बसला होता. उजवा खांदा प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात चहाची बशी. आईला बघताच त्यानं मान खाली घातली.

"आई, तू? तुला कुणी सांगितलं?"

"रेडिवनं."

त्यानं बशी स्टुलावर, कपाशेजारी ठेवली.

"म्हंजी मी हरलो ते ऐकलंस तू."

"हरलास व्हय?" बजाबाई म्हणाली, आणि कपात उरलेला चहा त्याच्या बशीत ओतू लागली.