डावखुरी गिटार

आयव्हरने गिटारच्या गोल तोंडातून छोटा आरसा आत सरकवला, बॅटरीचा झोत टाकला आणि त्याच्या लक्षात आलं की आरशात सगळं उलटं दिसतं. म्हणजे आतली पट्टी डावीकडे कललेली दिसतेय, ती खरं तर उजवीकडे. की आरसा खालून वर बघतोय, म्हणून तसं नाही? त्याने आरसा बाहेर काढला, शर्टाला पुसला, पुन्हा आत घातला. पुसून काही उजेड पडला नाही.

गिटारची पोकळ पेटी बंद होऊन चार दिवस झाले होते. मागची ब्लॅकवुडची फळी सरसाने पक्की बसली होती, दांडाही बसला होता. तारा पेलणारी घोडी तेवढी चिकटवायची राहिली होती. निवृत्तीनंतर हौसेने केलेली ही दहावी गिटार. आधीच्या नऊ उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी होत्या. ही धाकट्या भावासाठी, लाइलसाठी, म्हणून डावखुरी. आणि लाइल अर्ध्या तासात जेवायला येणार होता.

वरच्या फळीला आतून लाकडी पट्ट्या असतात, त्यातल्या दोन तिरक्या. डावखुरीत त्यांचा कल उलटा लागतो. म्हणून आयव्हरने पट्ट्यांचा नकाशा उलटा केला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण पट्ट्या आतल्या बाजूने चिकटवायच्या, म्हणून त्याने तो आणखी एकदा उलटा केला होता, हेही आठवत होतं. त्या वेळी आपण फार हुशारी केली असं वाटलं होतं.

"एखादी गोष्ट दोनदा उलटी केली तर काय होतं?" त्याने बायकोला विचारलं.

नोला बटाटे सोलायची सुरी हातात घेऊन शेडच्या दारात उभी होती. "बनियन असेल तर सुलटं होतं," ती म्हणाली. "आरशाशी काय खेळतोयस? हात घालून बघ की सरळ."

त्याने भिंतीवरची नववी गिटार काढली, तिच्या तारा सैल केल्या, आणि आधी तिच्यात आणि मग दहावीत हात घालून पट्ट्या चाचपल्या. दोन्हींचा कल एकाच बाजूला होता. म्हणजे दहावीही उजव्या हाताचीच झाली होती.

"ऐकणाऱ्याला कळणार आहे का?" नोलाने विचारलं.

"नसेल कळत. मला कळेल."

अकरा वर्षांपूर्वी बापाच्या लाकडाच्या गिरणीत करवतीची कळ आयव्हरने दाबली होती, लाइलचा हात फळीवर असताना. डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. लाइल तेव्हा गिटार वाजवायचा, आणि तारा दाबायचा हात तोच. लाइलने त्यावरून कधी एक शब्द काढला नाही आणि आयव्हरने त्याच्यासमोर पुन्हा कधी गाण्याचा विषय काढला नाही. मग तीन हिवाळ्यांपूर्वी आयव्हरच्या डोक्यात आलं, की लाइलच्या उजव्या हाताची पाच बोटं तर शाबूत आहेत, बाजू बदलली तर झालं. त्या एका विचारावर त्याने तीन हिवाळे काढले होते.

बाहेर गाडी थांबली. आयव्हरने सवयीने शेडमधला रेडिओ बंद केला आणि घोडी मुठीत लपवली.

लाइल चेरींची पिशवी घेऊन आत आला. "काय म्हाताऱ्या, अजून भुसाच गोळा करतोयस?" मग त्याने टेबलावर पाहिलं. "ही कोणाची?"

"तुझी," आयव्हर म्हणाला. "म्हणजे तुझी होणार होती. चुकली."

लाइलने ऐकलंच नाही बहुतेक. तो सफरचंदांच्या खोक्यावर बसला आणि त्याने गिटार मांडीवर घेतली. पूर्वीसारखीच. दांडा डाव्या हातात, उजव्या हाताने वाजवणारे धरतात तसा. तारा नव्हत्या, तरी त्याची उरलेली बोटं दांड्यावर चालू लागली. अंगठा वरून वळून कामाला आला, करंगळी लांब ताणली गेली. आवाज होता तो फक्त लाकडावर टोकं पडण्याचा. आयव्हर जवळ गेला. बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे होते.

"कधीपासून?"

"हाताची पट्टी सुटली त्या हिवाळ्यापासून. पहिली दोन वर्षं कुत्रं उठून बाहेर जायचं."

"मला नाही बोललास कधी."

"तू विचारलंस कधी?" लाइलने मान वर केली नाही. "मी आलो की तू रेडिओ बंद करतोस. मला वाटलं, तुलाच आता गाणं सोसत नाही. म्हणून गप्प राहिलो."

आयव्हरने मुठीतली घोडी आणखी घट्ट धरली.

"चुकलंय काय पण हिच्यात?" लाइलने गिटार उलटसुलट करून पाहिली.

आयव्हरने मूठ उघडली. घोडीवरची, तारांचा टेकू बसवायची तिरकी खाच त्याने केसाचाही फरक न ठेवता कापली होती, बरोबर डावखुऱ्यासाठी. साऱ्या गिटारीत एवढीच गोष्ट त्याने ठरवल्यासारखी झाली होती. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"घोडी चुकली," तो म्हणाला. "दुसरी करावी लागेल."

नोलाने जेवायला हाक मारली. स्वयंपाकघरात तिचा रेडिओ चालू होता, कोणीतरी गिटारवर गात होतं. लाइल मागून येत होता. आयव्हरचा हात सवयीने बटणावर गेला आणि ते कुठल्या बाजूला फिरवावं हे न कळून तिथेच राहिला.