फोटो कोण काढणार

"हाच घ्या, ताई. दिवसभर गळ्यात राहिला तरी जाणवणार नाही," धाकट्या जावेनं काउंटरवरचा कॅमेरा माझ्याकडे सरकवला. "नाहीतरी फोटो तुम्हीच काढणार. प्रयोगशाळेत तयार झालेला हात तुमचा, जराही हलत नाही."

नवरा गेल्यापासून घरातल्या प्रत्येक कार्यात कॅमेरा माझ्याच हातात येत होता. कॅमेरा धरलेल्या बाईला ओवाळायला बोलवावं लागत नाही, आणि तोंडावर नको असंही म्हणावं लागत नाही. पण या वेळी लग्न माझ्या लेकीचं होतं.

"तिला हळद कोण लावणार?" मी विचारलं.

"आम्ही सवाष्णी आहोत की! तुम्ही फोटोंचं बघा."

मी कॅमेरा उचलला, पट्टा उलगडला आणि तिच्या गळ्यात घातला. तो तिच्या मंगळसूत्रावर बसला.

"आजपासून सराव कर. पहिली हळद मी लावणार आहे."

"अहो ताई, पण अशानं पोरीचं..."

"पोरीचं काय? बोल पुढे."

ती गळ्यातला पट्टा चाचपू लागली. दुकानदारच घाईघाईनं म्हणाला, "पट्टा जरा लहान करून देऊ का, मॅडम?"

"नको," मी म्हणाले. "बरोबर बसलाय."