हात काही जमेनात

दातांच्या डॉक्टरांना रविवारी चित्रं काढायचा भारी नाद. टेकड्या, ओढे, झाडं झकास उतरायची. चित्रातल्या माणसांचे दातही मोत्यासारखे. घोडं अडायचं ते हातांपाशी. म्हणून त्यांच्या चित्रातली यच्चयावत माणसं खिशात हात घालून, नाहीतर झाडाआड उभी असायची.

बायकोचं चित्र काढलं, तेव्हा तिचेही हात त्यांनी गुपचूप पाठीमागे नेले.

"अहो, ज्या हातांनी तुमच्या संसाराचा गाडा ओढला, तेच गायब? ते काही नाही, हात काढा."

डॉक्टर वरमले. पण हात काढायचे तर ते एका जागी हवेत, आणि हिचे हात कधी रिकामे म्हणून नसायचे. मग दर रविवारी ती खिडकीपाशी मांडीवर हात ठेवून बसू लागली. चहा डॉक्टरांनी केला, स्वयंपाक डॉक्टरांनी केला, भांडीही त्यांनीच घासली. चित्रातले हात आधी केळ्याच्या फणीसारखे आले, मग फुगलेल्या हातमोज्यांसारखे.

शेवटी एका रविवारी जमले. बोटात रुतलेली अंगठी, मनगटावरचा भाजल्याचा डाग, सगळं हुबेहूब. डॉक्टरांना आनंद पोटात मावेना.

बायकोने चित्रातले हात पाहिले, आपले पाहिले, पुन्हा चित्रातले पाहिले. मग चहाचा रिकामा कप त्यांच्यापुढे धरला.

"अंहं, अजून नाही हो जमले. पुढच्या रविवारी परत बसते."